दिवाळी ते थर्टी फर्स्ट: सांगली-साताऱ्यातल्या वाइनप्रेमींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा उलटला की "यंदा कोणती उघडणार?" ही विचारपूस सुरू होते आणि तिच्या मागोमाग दरवर्षीचे तेच प्रश्न येतात. बहुतेक उत्तरं फिरून एकाच ठिकाणी येतात: आपल्या भागात वाइनचा घात करते ती उष्णता. दुकानाच्या फळीवर, गाडीच्या डिकीत, घरातल्या माळ्यावर आणि शेवटी ग्लासात. बाटली महागाची असो की स्वस्तातली, एवढं एक सांभाळलं तरी सणाची निम्मी चिंता मिटते.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर आधी काय बघायचं?

ब्रँड नंतर, आधी साल. लेबलवरचं साल द्राक्षाच्या काढणीचं असतं. महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षाची काढणी साधारण जानेवारीअखेर ते मार्च चालते. म्हणजे यंदाच्या सालाची पांढरी वाइन दिवाळीला जेमतेम आठ-नऊ महिन्यांची असते. आता उन्हाळे मोजा. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेत पारा चाळिशीला टेकतो आणि रात्री शटर पडल्यावर दुकानात एसी चालू नसतो. फळीवर असा उन्हाळा काढलेली बाटली बाहेरून नवीकोरी दिसते, आतून मात्र थकलेली असते.

पांढरी आणि रोझे (गुलाबी वाइन) यंदाची घ्या, फार तर गेल्या वर्षीची. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनची सगळी मजा तिच्या ताज्या, हिरवट वासात असते, त्यामुळे दोन वर्षं जुनी बाटली सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. हलकी लाल दोन वर्षांपर्यंत चालते. बॅरलमध्ये मुरवलेली 'रिझर्व्ह' लाल तीन-चार वर्षं टिकते, पण ती थंड जागी ठेवलेली असली तरच. लेबलवर साल नसेल तर मागच्या बाजूला बाटली भरल्याचा महिना किंवा बॅच शोधा.

मग बूच बघा. वरच्या टोपणावरून अंगठा फिरवा. बूच काठाच्या वर आलेलं लागलं किंवा टोपणाखाली चिकट ओघळ दिसला, तर आतली वाइन तापून फुगली आणि बुचाला वर रेटून गेली असं समजा. ती बाटली परत ठेवा. शोकेसमधली, ट्यूबलाइटखाली उभी असलेलीही नको. "आतल्या खोक्यातली द्या" असं सरळ सांगा, दुकानदार देतात. पारदर्शक काचेच्या बाटल्यांचं उजेडानं लवकर नुकसान होतं, आणि रोझे बहुतेक वेळा तशाच काचेत येते.

लाल वाइन रूम टेंपरेचरला प्यायची असते ना?

हा नियम युरोपातल्या गार दगडी घरांत जन्मला. तिथली 'रूम' म्हणजे १६ ते १८ अंश. दिवाळीत सांगलीतल्या हॉलमध्ये दिवे, माणसं आणि शेजारी चालू असलेला गॅस धरून सहज २८ ते ३० अंश असतात. तेवढ्या उष्णतेत लाल वाइनमधून आधी अल्कोहोलची वाफ नाकात जाते, फळाचा वास तिच्याखाली दबतो आणि घोट जड, सैल लागतो. "लाल वाइन मला सोसत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांनी ती थंड करून कधी घेतलेलीच नसते.

लाल बाटली उघडण्याआधी ३० ते ४० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी आणि रोझे किमान तीन तास. फसफसती (स्पार्कलिंग) आदल्या रात्रीच ठेवलेली बरी. ग्लासात पोचताना फसफसती ६ ते ८ अंश, पांढरी ८ ते १०, रोझे १० ते १२, हलकी लाल १४ ते १६ आणि भारदस्त लाल १६ ते १८ असावी. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. फ्रिजमधून काढलेल्या पांढऱ्या बाटलीवर मिनिटभरात दव धरतं आणि ते ओघळू लागतं, तेव्हा ओतायला हरकत नाही. लाल बाटली हाताला थंड लागावी, पण तिला घाम फुटू नये.

पाहुणे दारात आणि बाटली गरम, अशी वेळ आली तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. २० मिनिटांत पांढरी तयार होते. नुसत्या बर्फात ठेवली तर वेळ जास्त लागतो, कारण बर्फाचे खडे काचेला चार ठिकाणीच टेकतात आणि पाणी सगळीकडून भिडतं. फ्रीझरमध्ये ठेवायचीच असेल तर मोबाइलवर २५ मिनिटांचा गजर लावा. शून्याखाली पाच-सहा अंशांवर वाइन गोठते, फुगते आणि बूच वर येतं. फसफसती मात्र फ्रीझरमध्ये अजिबात नको, तिची काच फुटू शकते.

वीज गेली तर ओल्या सुती पंच्यात बाटली गुंडाळून वाऱ्याला ठेवा. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं तीही गार होते. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो.

महाबळेश्वर-पाचगणीला डिसेंबरात उलटी अडचण येते. खोलीत ठेवलेली लाल बाटलीच १२ अंशांवर असते आणि तुरट, मिटलेली लागते. ग्लास दोन्ही तळव्यांत पाच मिनिटं धरा. शेकोटीजवळ बाटली ठेवू नका.

ग्लासात बर्फ टाकला तर चालेल का?

दुसऱ्या घोटापर्यंत चालतं, मग सगळं पाणचट होतं. त्यापेक्षा धुऊन, नीट पुसून फ्रीझरमध्ये टाकलेले द्राक्षाचे मणी वापरा. थर्टी फर्स्टपर्यंत आगाप (लवकर केलेल्या) छाटणीचा माल बाजारात दिसू लागतो. एका ग्लासाला चार-पाच मणी पुरतात.

फराळाबरोबर कोणती वाइन जमते?

फराळ म्हणजे एक चव नव्हे, म्हणून एकच बाटली सगळ्या ताटाला पुरत नाही.

चकली, कडबोळी, शेव यांत तेल, मीठ आणि कुरकुरीतपणा असतो. त्यांच्यासाठी ब्रूट (म्हणजे कमी साखरेच्या) प्रकारची फसफसती वाइन. बुडबुडे आणि आंबटपणा जिभेवरचा तेलकट थर धुऊन काढतात आणि पुढची चकली पहिल्यासारखीच खमंग लागते. हा जोड इतका पक्का आहे की फसफसती फक्त बारा वाजता उडवायला राखून ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

पातळ पोह्यांचा चिवडा आणि भडंग यांचं गणित वेगळं. भडंगातलं लसूण-तिखट आणि वर भुरभुरलेली पिठीसाखर यांना किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन चांगली सांभाळते, पण ती पुरेशी गार हवी. तिथं तुरट लाल ओतली की तिखट दुप्पट झोंबतं आणि तोंड सुकं पडतं.

गोडाचा नियम साधा आहे: वाइन पदार्थापेक्षा गोड असली पाहिजे. बेसनाच्या लाडवाचा घास खाऊन लगेच ब्रूटचा घोट घेऊन बघा, निव्वळ लिंबूपाणी लागेल. वाइन तीच, साखरेपुढे तिचा फक्त आंबटपणा उरतो. करंजी, अनारसे, साताऱ्याचे कंदी पेढे यांच्यासाठी लेट हार्वेस्ट वाइन घ्या. तिची द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून गोडी वाढू दिलेली असते. कंदी पेढ्यातला खरपूस भाजलेला खवा आणि या वाइनचा मधासारखा वास एकमेकांत छान मिसळतात. माणशी ५० मिली पुष्कळ झाली, त्यामुळे ३७५ मिलीची छोटी बाटली सात जणांना पुरते. ती मिळाली नाही तर लाडवाबरोबर चहाच घ्या. कोरडी (गोड नसलेली) वाइन ओढूनताणून जुळवण्यात काही मिळत नाही.

मटण आणि तांबड्या रश्श्याला शिराझच ना?

सुक्या मटणाला होय, तांबड्या रश्श्याला नाही. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि मिरी घातलेलं सुकं मटण आणि शिराझ ही लाल वाइन यांची चांगली जोडी आहे. शिराझला स्वतःलाच मिरीसारखा वास असतो आणि मटणाची चरबी तिचा तुरटपणा शोषून घेते.

रश्शात तीच वाइन का फसते, तर मिरचीचा तिखटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तोंडातल्या जळजळीच्या एकाच जाणिवेला डिवचतात. त्यात रस्सा वाफाळता. १४ टक्क्यांची, गरम, तुरट शिराझ त्यावर म्हणजे आगीत तेल. तांबड्याबरोबर गार रोझे घ्या, नाहीतर रस्सा भुरकून झाल्यावर दोन घास भाकरी खा आणि मग ग्लास उचला. पांढरा रस्सा सौम्य असतो, त्यातला नारळाच्या दुधाचा आणि खसखशीचा गुळगुळीतपणा शेनिनला मानवतो. तळलेल्या मासळीवर लिंबू पिळणार असाल तर सोव्हिन्यों ब्लां.

आमचं घर शाकाहारी आहे. ताटाला काय जुळेल?

इस्लामपूरकडचा (आताचं ईश्वरपूर) अख्खा मसूर घ्या: मातकट, दाट, मध्यम तिखट. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला सांजोवेसे हे इटालियन वाण लावलेलं आहे. त्याची लाल वाइन आंबटसर असते आणि मसुरातल्या टोमॅटो-कांद्याला जुळते. भरल्या वांग्यात शेंगदाणा आणि गूळ असल्यानं रोझे बरी. हुरड्याच्या बैठकीला गार शेनिन न्या. कोवळ्या ज्वारीचा दुधाळ गोडवा आणि सोबतची तिळाची-शेंगदाण्याची चटणी दोन्ही ती सांभाळून घेते. खर्डा किंवा ठेचा पुढ्यात असेल तोवर ग्लास बाजूला ठेवा.

वाइन स्वतः शाकाहारी असते का?

सगळीच नसते. गढूळपणा आणि जादा तुरटपणा काढायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन किंवा माशापासून काढलेलं आयसिंग्लास वापरतात. काही ठिकाणी बेंटोनाइट नावाची माती वापरतात, तिच्यात प्राणिज काही नसतं. हे पदार्थ गाळून निघतात, पण ज्यांना वापरच नको असतो त्यांनी वायनरीला विचारूनच बाटली निवडावी. ज्या घरात मुळात मद्यच वर्ज्य आहे, तिथं आग्रह करू नये.

तासगावची द्राक्षं एवढी गोड, मग त्यांची वाइन का नाही?

थॉमसन, सोनाका, माणिक चमन ही खाण्याची वाणं. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. मणी फुगवायला त्यांना जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) देतात. वाइनला नेमकं उलटं हवं: लहान मणी, जाड साल, आत बी. लाल वाइनचा रंग सालीतून येतो, तुरटपणा साल आणि बियांतून. मणी मोठा झाला की रसाच्या मानानं साल कमी पडते आणि वाइन फिकी होते.

बागायतदारांच्या भाषेत सांगायचं तर खाण्याच्या द्राक्षाची काढणी १८ ते २० ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) गोडीला होते, वाइनच्या द्राक्षाची २२ ते २४ ला. एक लिटर रसात १७ ग्रॅम साखर आंबली की साधारण एक टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणून १३ टक्क्यांच्या वाइनला लिटरमागे २२० ग्रॅमच्या आसपास साखर लागते. नुसती गोडी असूनही भागत नाही, आंबटपणाही टिकावा लागतो. थॉमसनपासून साधी पांढरी वाइन होते, पण तिला स्वतःचा वास असा फारसा नसतो. २००१ च्या राज्याच्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर विंचूरबरोबर आपल्या पलूसलाही वाइन पार्क उभा राहिला तो काबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, शेनिन अशा वाणांच्या भरवशावर.

आणि नाही, घरी करून बघू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे.

शॅम्पेन आणि फसफसती यांत फरक काय? 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणजे सगळ्यात कोरडी का?

फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात, तिथल्या नियमांनी केलेली तीच शॅम्पेन. नाशिकची ती स्पार्कलिंग वाइन. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची पद्धत मात्र दोन्हीकडे वापरली जाते.

नावांचा घोळ लक्षात ठेवा. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर असते, 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये १२ ते १७, म्हणजे ती ब्रूटपेक्षा गोड. 'डेमी-सेक'मध्ये ३२ ते ५०. चकलीला ब्रूट, केकला डेमी-सेक.

बूच उडवताना अर्धी बाटली सांडते. काय चुकतं?

दोन गोष्टी: बाटली पुरेशी गार नसते आणि ती गाडीतून हेलकावत आलेली असते. आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. म्हणून बूच कुणाच्याही तोंडाकडे, पंख्याकडे किंवा बल्बकडे करू नये.

वरचा कागद काढा. अंगठा बुचावर ठेवूनच तारेची कडी सहा अर्धे फेरे उलटी फिरवा. तार ढिली झाली की पूर्ण काढायची गरज नाही, ती बुचासकट मुठीत धरा. बाटली तिरकी करा, साधारण ४५ अंशात. आता बूच स्थिर धरून खालून बाटली फिरवा. बूच स्वतःच वर यायला लागेल, तेव्हा त्याला उलट दाबत हळू सोडा. "फट्" असा मोठा आवाज नको, हलका सुस्कारा यायला हवा. तेवढे बुडबुडे बाटलीतच राहिले म्हणून समजा.

आठ जण बसणार आहोत. किती बाटल्या आणि कोणत्या क्रमानं?

७५० मिलीच्या बाटलीतून १५० मिलीचे पाच ग्लास निघतात किंवा ६० मिलीचे बारा चाखघोट. आठ जणांत चार बाटल्या पुरतात: आधी सगळ्यांना प्रत्येकीतलं ६० मिली, उरलेली जेवणाबरोबर. क्रम फसफसती, कोरडी पांढरी, रोझे, लाल असा ठेवा. गोड शेवटी, कारण गोडानंतर कोरडी वाइन आंबट लागते.

चारही बाटल्या संपल्या तर माणशी ३७५ मिली होतात. १३ टक्के धरले तर ते सुमारे ३८ ग्रॅम अल्कोहोल झालं. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅमच निचरतं. म्हणजे चार-पाच तास. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा होतो. पहिल्याच वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी कोण चालवणार ते बाटली उघडायच्या आधी ठरवा, आणि त्याला चाखघोटही नको. प्रत्येकापुढे वाइनइतकंच पाणी ठेवा. गरोदर स्त्रिया आणि मेट्रोनिडाझोलसारखी औषधं चालू असलेल्यांनी घेऊच नये.

बैठक देवघर आणि अंगण दोन्हींपासून लांब मांडा. उदबत्ती, उटणं, अत्तर आणि फटाक्यांचा धूर यांत वाइनचा वास सापडत नाही. ग्लास भांड्याच्या साबणानं धुतल्यावर गरम पाण्यानं दोनदा विसळा आणि एक तृतीयांशच भरा.

बाटली बिघडली आहे हे कसं ओळखायचं?

भिजलेल्या पुठ्ठ्याचा, ओल्या गोणपाटाचा वास आला तर बुचाचा दोष. आपटलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी झाक असेल तर हवा लागली. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास म्हणजे आंबटलेली. मोरंब्यासारखा शिजका वास म्हणजे तापलेली. अशा वेळी काढलेलं बूच आडवं धरून बघा: खालच्या टोकापासून वरपर्यंत वाइनची रेघ गेलेली दिसते.

बुचाच्या टोकाला साखरेसारखे चमकणारे कण मात्र दोष नव्हेत. गारव्यानं जमलेलं ते टार्ट्रेट (द्राक्षातल्याच आम्लाचा क्षार) असतं, निरुपद्रवी.

उरलेली किती दिवस टिकते?

लगेच बूच लावून फ्रिजमध्ये, लालसुद्धा. पांढरी तीन-चार दिवस, लाल दोन-तीन, लेट हार्वेस्ट आठ-दहा. फसफसतीला दाबाचं खास झाकण असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवून काही होत नाही. निम्म्याहून कमी उरली तर छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, हवा जितकी कमी तितकी वाइन टिकते.

डोकं दुखतं ते सल्फाइटमुळे का?

बहुधा नाही. सल्फाइट म्हणजे वाइन टिकवायला वापरतात तो गंधकाचा पदार्थ. आपल्याकडे पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तोच हा सल्फर डायऑक्साइड. धुरीच्या बेदाण्यात त्याचं प्रमाण वाइनपेक्षा पुष्कळ जास्त असू शकतं. मूठभर बेदाणे खाऊन डोकं दुखत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधा: पाणी कमी, पोट रिकामं, माप जास्त. दमा असलेल्यांनी मात्र लेबलवरची सल्फाइटची सूचना गांभीर्यानं घ्यावी.

नाताळच्या केकबरोबर 'पोर्ट वाइन' चालते का?

मिरजेतल्या नाताळात प्लम केक आणि पोर्ट ही जुनी जोडी आहे आणि ती चवीलाही बरोबर आहे, कारण दोन्ही गोड. फक्त आपल्याकडे त्या नावानं मिळते ती गोड लाल वाइन. पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टमध्ये द्राक्षाचं स्पिरिट मिसळलेलं असतं आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास. भारतीय पोर्ट थोडी गार करून द्या, गोडवा कमी मिट्ट लागतो.

थंडीत मसाला वाइन कशी करायची?

साधी लाल, एक बाटली. ६० ग्रॅम साखर, दालचिनीचा बोटभर तुकडा, पाच लवंगा, एका संत्र्याची साल (आतला पांढरा भाग काढून) आणि सातारी आल्याच्या चार चकत्या. आधी मसाला आणि साखर कपभर पाण्यात दहा मिनिटं उकळा, मग आच मंद करून वाइन ओता. कडेनं वाफ दिसली की बंद. उकळी आली तर अल्कोहोल उडतं आणि संत्र्याची साल कडवट उतरते. लवंगा पाचाच्या वर गेल्या तर दंतमंजनाचा वास येतो. रिझर्व्ह बाटली यात घालू नका.

गोव्याहून स्वस्तात आणली तर?

परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि सणात नाक्यांवर तपासणी कडक असते. शिवाय दिवसभर उन्हात तापलेल्या डिकीतून आलेल्या वाइनमध्ये वाचवलेले पैसे वसूल होत नाहीत. इथल्या दुकानात एक दिवसाचा पिण्याचा परवाना मिळतो, तो घ्या. २ ऑक्टोबरसारख्या ड्राय डेच्या तारखा आधी बघून ठेवा.

प्यायलेल्या वाइनची नोंद कशी लिहावी, म्हणजे इतरांना उपयोग होईल?

"मस्त होती" यातून पुढच्याला काही कळत नाही. वाण, साल, कुठल्या गावच्या दुकानातून, फ्रिजमध्ये किती वेळ, कशाबरोबर आणि दुसऱ्या दिवशी कशी लागली, एवढं लिहा. वासासाठी आपल्याच स्वयंपाकघरातले शब्द वापरा: कैरी, पेरू, मिरी, जांभूळ, ओला नारळ, कोकम, धुरकट खोबरं. गूजबेरीपेक्षा 'रायआवळा' लगेच समजतो. नमुना असा: "शेनिन ब्लां, यंदाचं साल, सांगली, खोक्यातली. फ्रिजमध्ये चार तास. पिकला पेरू, थोडा मध, शेवटी लिंबाची साल. भडंगाबरोबर छान, चकलीला जरा गोड. अर्ध्या तासानं ग्लासात गरम झाल्यावर पसरट लागली. दुसऱ्या दिवशी वास कमी, चव ठीक. परत घेईन, पण ग्लास लहान भरेन."